क्लेमच्या चार मुठी

"पाण्यालासुद्धा आता उकळायचा कंटाळा यायला लागलाय."

भट्टीघराच्या भिंतीपलीकडून नवऱ्याचं, क्लेमचं पुटपुटणं ऐकू आलं, आणि वाळत घातलेल्या चादरीला चिमटा लावता लावता मेव्हिसचा जीव भांड्यात पडला. कुरकुर चालू आहे म्हणजे माणूस चालू आहे. हल्ली तिला धास्ती वाटायची ती क्लेमच्या समजूतदारपणाची. परवा गार झालेला चहा तो एक शब्द न बोलता प्यायला, तेव्हा ती वरच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बराच वेळ नुसती बसून आली होती.

"आणि हा कोळसा," पलीकडून पुन्हा आलं, "याच्यापेक्षा आपला होरेस लवकर पेटेल."

होरेस म्हणजे मेव्हिसचा धाकटा भाऊ. त्याला पेटलेला अजून कोणीच पाहिला नव्हता.

त्या गावात प्रत्येक घरामागे विटांची अशी एक खोली असायची. नाव भट्टीघर, पण बहुतेक घरांत तिथे कपडेच धुतले जायचे. कोपऱ्यात विटांच्या चुलीत बसवलेला तांब्याचा मोठा हंडा, खाली कोळसा, वर लाकडी झाकण. मेव्हिसनं लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं त्याच हंड्यात चादरी उकळल्या. मग घरात धुण्याचं यंत्र आलं, आणि घरी बिअर करायला परवाना लागायचा ती अटही सरकारनं काढून टाकली. तेव्हापासून हंडा क्लेमचा झाला. चादरीतून सुटका झाली म्हणून मेव्हिसनं तो आनंदानं दिला होता. तरी दर वर्षी पहिली बाटली उघडली की ती म्हणायची, "मला अजून साबणाचा वास येतोय." आणि क्लेम म्हणायचा, "तो तुझ्या नाकाला आहे."

सप्टेंबर होता. भट्टीघराच्या भिंतीवर चढलेला हॉपचा वेल फुलून पिवळसर हिरवा झाला होता. क्लेमची आई पोरांना घेऊन दर सप्टेंबरला हेरफर्डच्या मळ्यांत हॉपची फुलं तोडायला जायची. गावातल्या निम्म्या बायका जायच्या. तिथून एका वर्षी तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून एक मूळ चोरून आणलं, ते या भिंतीशी लावलं, आणि विचारलं तर सांगायची, देवानं दिलं. देव त्या वर्षी हेरफर्डला होता, असं क्लेम म्हणायचा.

क्लेमच्या बिअरमधला कडवटपणा त्या फुलांचा. बाकी मोड आणून भाजलेले सातू, पाणी, खमीर, आणि एक मोठा चमचा काळी काकवी. एकदा घरात साखर नव्हती म्हणून क्लेमनं काकवी घातली आणि मग ती कायमचीच त्या कृतीत बसली. कृती त्याची स्वतःची होती. कुणी विचारली की तो लपवायचा मुळीच नाही. सातू किती, पाणी किती, सगळं सांगायचा, आणि हॉप्स किती असं विचारलं की आपली उजवी मूठ समोर धरून म्हणायचा, "चार."

तीच तर पंचाईत होती. क्लेमनं सगळं आयुष्य साखळ्या घडवण्यात घालवलं होतं, जहाजांचे नांगर पेलणाऱ्या साखळ्या. त्याची मूठ म्हणजे फावडं. होरेसनं एकदा हौसेनं बिअर लावली, स्वतःच्या चार मुठी घातल्या, आणि निघालं ते खरकटं धुतलेलं पाणी. क्लेमनं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "सुरेख."

होरेसनं त्यानंतर पुन्हा कधी बिअर लावली नाही.

कारण त्या गावात स्तुतीची एक ठरलेली भाषा होती. मनापासून आवडलं तर माणूस म्हणायचा, "वाईट नाही." फारच आवडलं, अगदी डोळ्यांत पाणी आलं, तर थोडं थांबून म्हणायचा, "वाईट नाही, हां." मेव्हिसला मागणी घालताना क्लेमनं तिच्याबद्दल तिच्या बापाला हेच सांगितलं होतं, आणि बाप विरघळला होता. "सुरेख" हा शब्द पाद्रीबाईंनी केलेल्या केकसाठी राखून ठेवलेला होता. दुसऱ्यांच्या बाळांसाठीही कधी कधी वापरला जायचा.

*

डॉक्टरनं जे सांगायचं ते ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. तरुण पोरगा होता. बोलताना सारखा आपल्या पेनाच्या टोपणाकडे बघत होता. परतीच्या बसमध्ये क्लेम खिडकीशी बसला. कालव्यावरचा पूल मागे गेला, बंद पडलेला साखळ्यांचा कारखाना मागे गेला, आणि मग तो म्हणाला, "हॉप्स होत आलेत, पोरी. कार्यासाठी बिटर लावून ठेवायला हवी."

"हो," मेव्हिस म्हणाली, "लावू या."

साठी उलटलेल्या बायकोला पोरी म्हणणं ही तिकडची रीत. आणि 'कार्य' हा तिकडचा फार सोयीचा शब्द. लग्न असो, बारसं असो, निवृत्तीला घड्याळ देणं असो की मयत असो. लोक जमणार, हॅमची सँडविचेस कापली जाणार, क्लेमची बिटर, म्हणजे त्याची ती कडवट बिअर, उघडली जाणार, की झालं कार्य. कुठलं कार्य ते विचारावं लागत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. या वेळीही सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी विचारलं नाही.

विचारलं नाही तरी प्रत्येकानं आपापली सोय करून घेतली. होरेस म्हणाला, यंदाच्या नाताळला मजा आहे तर. शेजारची बेरिल म्हणाली, आमच्या जॉयसच्या लग्नाला क्लेमची बिटर असली म्हणजे मला काळजी नाही. जॉयस ही बेरिलची भाची. तिचं लग्न वसंत ऋतूत होतं. क्लेम दोघांनाही हो म्हणाला. मेव्हिसही हो म्हणाली. त्या दिवसांत त्या घरात जितकं 'हो' म्हटलं गेलं तितकं आधीच्या सगळ्या संसारात म्हटलं गेलं नसेल.

बिअर लावायच्या त्या सप्टेंबरच्या दिवशी पाणी अखेर उकळलं. क्लेम स्वयंपाकघरातली खुर्ची भट्टीघरात घेऊन बसला होता, कोट अंगात, मफलर गळ्यात. मेव्हिसला बादल्या उचलायच्या होत्या, पण 'मी उचलते' असं म्हणायची सोय नव्हती. मग ती काहीतरी निमित्त काढून तिथून जायची. चिमटे न्यायला आली आणि जाता जाता बादली भरून गेली. केरसुणी शोधायला आली आणि रिकामी बादली घेऊन गेली. एवढ्याशा अंगणात बाईला एवढी कामं असतात हे क्लेमला नवीनच कळत असावं.

होरेस आला तो दोन कोबीचे गड्डे घेऊन. म्हणाला, इकडूनच चाललो होतो. त्याचा भाजीचा वाफा गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. इकडून कुठेच जाता येत नव्हतं. मग सातूच्या पोत्याकडे बघून म्हणाला, "किती वजन असेल रे याचं?" आणि अंदाज घ्यायला म्हणून उचललं ते थेट हंड्यापाशी नेऊन ठेवलं.

"अंदाज आला?" क्लेमनं विचारलं.

"आला."

"मग आता तसाच अंदाज त्या मोठ्या पातेल्याचाही घे."

सातू गरम पाण्यात मुरले, गाळले गेले, गोड तांबूस पाणी पुन्हा हंड्यात आलं. सगळ्या अंगणाला भाजलेल्या पावाचा वास सुटला. क्लेमनं काकवीचा चमचा हंड्यात बुडवून ढवळला आणि नेहमीसारखा चाटायला तोंडाशी नेला. जिभेला लावला आणि बाजूला ठेवून दिला. औषध सुरू झाल्यापासून त्याच्या तोंडाला एकच चव होती. तोंडात साखळीची कडी धरल्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा. एवढी वर्षं हातात धरली, आता तोंडात आली.

पाणी खळखळायला लागलं. मेव्हिस पाण्याची बादली घेऊन दारात आली तेव्हा क्लेम उभा होता. जुन्या उशीच्या अभ्र्यात वाळवून भरलेले हॉप्स त्यानं मांडीवरून उचलून हंड्याच्या कडेवर ठेवले होते. तिच्यादेखत त्यानं हात आत घातला आणि मूठ भरून बाहेर काढली.

मेव्हिस ती मूठ बघत राहिली.

तिला वाटलं होतं की आपल्याला सगळं ठाऊक आहे. सदरे सैल झाले होते ते तिनंच आत घेतले होते. बोटातली अंगठी गळून पडू नये म्हणून तिला लोकरीचा धागा तिनंच गुंडाळला होता. पण ही मूठ तिनं पाहिली नव्हती. फुलं बोटांतून बाहेर डोकावत होती, आत काही नव्हतंच. अर्धीही नसेल. त्यानं ती हंड्यावर उघडली. एक. मग दुसरी. तो हळू आवाजात मोजत होता. तिसरी. चौथी. मग अभ्र्याचं तोंड नीट दुमडून म्हणाला, "झालं," आणि खोकायला म्हणून दाराबाहेर गेला.

होरेस नळाशी पातेलं धूत होता. त्याची पाठ होती. मेव्हिसनं बादली खाली ठेवली, अभ्रा उघडला, आणि दोन ओंजळी फुलं भराभर हंड्यात टाकली. तिच्या ओंजळीएवढी जुन्या क्लेमची मूठ होती. हा हिशोब तिला कोणी शिकवला नव्हता. त्या मुठीत आपला हात देऊन ती सिनेमाला गेली होती, सासूच्या आणि आपल्या आईच्या मयताला उभी राहिली होती. किती मावतं ते तिला ठाऊक होतं. फुलं उकळत्या पाण्यात फिरली आणि खाली गेली. चोरी केल्यासारखं दाराकडे बघत तिनं अभ्र्याचं तोंड पुन्हा दुमडलं. 'मूठ बारीक झालीय तुझी' हे चार शब्द म्हणण्यापेक्षा चोरी बरी वाटली.

मग तिनं क्लेमला आत नेऊन निजवलं. म्हणजे तिनं म्हटलं, "मला जरा लोकर गुंडाळायला कोणीतरी हवंय," आणि तो आत येऊन, लोकर न विचारता, आडवा झाला. हंड्यापाशी होरेस थांबला. मग होरेसला चहा हवा झाला, तेव्हा बेरिल कुंपणापलीकडून रिकामी बशी परत करायला आलीच होती, ती थांबली. बेरिल सगळ्या जगाला बाळा म्हणायची, पोस्टमनलाही. "तू जा बाळा, मी ढवळते," असं तिनं होरेसला सांगितलेलं मेव्हिसनं खिडकीतून ऐकलं आणि तिला बरं वाटलं. किती माणसं आहेत आपल्याला, असं वाटलं.

संध्याकाळी आवरताना अभ्रा उचलला तर तो जवळजवळ रिकामा होता. वाळलेली फुलं, त्यांना वजन ते काय असणार, असं मनाशी म्हणून तिनं तो झटकला आणि धुण्यात टाकला.

*

बिअर आंबायला घातलेलं पिंप स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवलं, उबेला. त्याच सुमाराला क्लेमचा पलंगही खाली पुढच्या खोलीत आला, कारण जिना आता लांब झाला होता. दोन्हींच्या मध्ये एक पातळ भिंत. पिंपाच्या झाकणातल्या नळीतून हवा सुटताना बुडुक बुडुक आवाज यायचा. क्लेम सकाळी डोळे उघडले की विचारायचा, "बोलतेय का ती अजून?"

"तोंड मिटायला तयार नाही," मेव्हिस सांगायची.

"तुझ्यावर गेलीय."

एका सकाळी आवाज थांबला. ते ठीकच असतं, तसा तो थांबायचाच असतो, मग बाटल्या भरायच्या. तरी मेव्हिस हातातला टोस्ट तसाच धरून पिंपासमोर उभी राहिली. आतून क्लेमनं काही विचारलं नाही. आवाज थांबलेला त्यालाही कळला होता ना.

बाटल्या भरल्या होरेसनं. आता इकडूनच चाललो होतो असंही तो म्हणेनासा झाला होता. यायचा, कोट काढायचा, बाह्या सरसावायचा. क्लेम आतून हुकूम सोडायचा, गळ्यापर्यंत भरू नकोस, श्वास घ्यायला जागा ठेव. होरेस म्हणायचा, बाटलीला की मला? बाटल्या पलंगाखाली ओळीनं लावल्या, कारण क्लेमला त्या जवळ हव्या होत्या. मेव्हिसला झाडायला त्रास व्हायचा. पण त्यावरून भांडायला आता जोडीदार उरला नव्हता. क्लेम म्हणायचा, "हलव हव्या तर," आणि मग ती हलवायची नाही.

दुपारी क्लेम झोपला की कधी कधी ती पलंगाशेजारी बसून विणकाम करायची. त्याचा हात पांघरुणावर पालथा पडलेला असायचा. मनगटापासून बोटांपर्यंत ठिणग्यांचे जुने पांढरे डाग, तेवढे मात्र पूर्वीइतकेच मोठे राहिले होते. विणायचं काय, हेही तिनं ठरवलेलं नव्हतं. एक हातभर लांब काहीतरी झालं होतं. ते उसवायची आणि पुन्हा घालायची. चर्चमध्ये हॉल कोणाला विचारावा लागतो, सँडविचेस किती लागतील, मुलगी कॅनडाहून कधी निघाली तर पोचेल, असं सगळं तिच्या डोक्यात तयार होतं, आणि ते सगळं तिला ज्याला विचारायचं होतं तो समोर झोपलेला होता. एवढ्या वर्षांत कुठलंच कार्य त्याला विचारल्याशिवाय तिनं केलं नव्हतं.

*

बिटर उघडायची ती रविवारी, जेवणानंतर, ही क्लेमची रीत. नोव्हेंबर लागला होता. होरेसनं क्लेमला पाठीशी उशा देऊन बसतं केलं. बेरिल चीज आणि व्हिनेगरमधले कांदे घेऊन आली. मेव्हिसनं लग्नातले चार काचेचे पेले काढले, जे कधीच काढत नसत. ते बघून क्लेमनं भुवया उंचावल्या.

बाटलीचं बूच फुस्स करून निघालं. रंग तांबूस, स्वच्छ, वर बोटभर फेस. होरेसनं पेला खिडकीकडे धरला. उजेड आरपार आला. तिथपर्यंत सगळं पूर्वीसारखंच होतं, आणि क्लेमच्या चेहऱ्यावर काय दिसलं ते मेव्हिसनं ओळखलं. पोरगी पहिल्यांदा चालली तेव्हा ते दिसलं होतं.

"मला काही कळणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही प्या आणि मला सांगा. खरं सांगा."

होरेस प्यायला. मोठा घोट होता, त्याची सवयच तशी. घोट घशात गेला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. त्यानं तो प्रयत्नपूर्वक उघडला. खिडकीबाहेर बघितलं. पेल्यात बघितलं.

"सुरेख," तो म्हणाला.

बेरिलनं घाईघाईनं आपला घोट घेतला, कांदा तोंडात टाकला, आणि त्यावरून म्हणाली, "फारच छान आहे हो, बाळा. अगदी… वेगळी."

मेव्हिसनं पेला ओठाला लावला. आधी ती नेहमीची चव आली, भाजल्या पावाची, मागून काकवीची, आणि तिला क्षणभर वाटलं, आहे, आहे, ठीक आहे. मग कडवटपणा आला. तो येतच राहिला. जिभेच्या मुळाशी गेला, कानापर्यंत गेला. बिटर म्हणजे कडूच, पण हे म्हणजे कोणीतरी औषधाची अख्खी बाटली रागानं ओतल्यासारखं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कडूमुळे आलं हे तिला माहीत होतं, आणि क्लेमला तसं वाटणार नाही हेही माहीत होतं.

"पोरी?" क्लेम म्हणाला.

एवढ्या वर्षांत तिनं त्याला साबणाचा वास येतो म्हणून सांगितलं होतं, फार पातळ म्हणून सांगितलं होतं, एका वर्षी तर सिंकमध्ये ओतून दिली होती. तेव्हा तो पाठीमागून ओरडत होता आणि ती ओतत होती. आता तिला त्यातलं काही म्हणवेना.

"सुरेख आहे," ती म्हणाली.

क्लेमनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग छताकडे बघितलं. मेव्हिसला वाटलं, आता तो समजूतदारपणा करणार. म्हणणार, मग ठीक आहे. आणि मग आपण काय करायचं?

"होरेस," छताकडे बघतच क्लेम म्हणाला, "तू किती घातल्यास?"

"काय किती?"

"मला विचारू नकोस काय ते."

होरेसनं पेला गुडघ्यावर ठेवला. कानाची पाळी ओढली. लहानपणी खिडकीची काच फोडल्यावर ओढायचा तशी. "दोन मुठी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी नळापासून बघितलं. तुझ्या मुठी जरा… घाईत भरल्यासारख्या वाटल्या."

"घाईत."

"म्हणजे वाऱ्यामुळे असेल."

"भट्टीघरात वारा," क्लेम म्हणाला. "बेरिल?"

बेरिल लाल झाली होती. "तीन. पण माझा हात केवढासा, बाळा. मला होरेस म्हणाला की यंदा हॉप्स कमी पडलेत असं वाटतं, मग तो चहाला गेला, आणि मी म्हटलं, त्याला कशाला बोलायला लावायचं."

"घातलेत म्हणून का नाही सांगितलंस?" मेव्हिस होरेसला म्हणाली.

"तूही घातलेलेच दिसतात, नाही का?" होरेस म्हणाला.

मेव्हिसनं मान हलवली. दोन ओंजळी, ती म्हणाली.

मग क्लेमच्या छातीतून काहीतरी निघालं. मेव्हिस धावायला उठली, पण तो खोकला नव्हता. तो हसत होता. "आणि मी सहा घातल्या होत्या," तो म्हणाला. "तू बादली घेऊन दारात यायच्या आधीच दोन टाकल्या होत्या. मग तुला दाखवायला चार. माझ्या मुठीत किती मावतं ते मला दिसत नाही होय रे? आंधळा झालोय का मी?"

होरेस आधी फुटला. मग बेरिल, तोंडावर हात धरून, कांद्यासकट. मेव्हिसला वाटलं आपण हसणार नाही, आणि मग तिलाही राहवेना. चौघांनी, एकेकानं पाठ फिरवून, एकमेकांना न सांगता, एका माणसाच्या मुठीची भरपाई केली होती. एवढी भरपाई की तिच्यात तीन क्लेम मावले असते. "एवढ्या मुठी जहाजांच्या सगळ्या नांगरांना पुरतील," क्लेम म्हणाला आणि पुन्हा हसला, आणि मग तो खरंच खोकला झाला.

मेव्हिसनं त्याच्या पाठीला हात दिला. सदऱ्याखाली मणके हाताला एक एक लागत होते. होरेस आपल्या बुटांकडे बघत राहिला. बेरिलनं चीजचे तुकडे बशीत पुन्हा नीट लावले. खोकला थांबायला वेळ लागला, आणि तो थांबला तेव्हा हसणं कुठे ठेवलं होतं ते कोणालाच सापडलं नाही.

"काही बिघडलं नाही," शेवटी होरेस म्हणाला. "पुन्हा लावू. माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्याकडे हॉप्स असतील. नाताळ काही उद्या नाही."

"आणि जॉयसचं तर वसंतातच," बेरिल म्हणाली. "तोवर कितीदा तरी होईल, बाळा."

"हो," क्लेम म्हणाला. मान मागे टेकली होती, डोळे अर्धे मिटलेले, आवाज अगदी मऊ. "होईल की. वसंतात लावलेली तर जास्तच चांगली होते. तुम्ही काळजी करू नका."

तो त्यांची समजूत घालत होता. त्या तिघांची. हात पांघरुणावर पडला होता, अंगठीवरचा लोकरीचा धागा सुटून लोंबत होता, आणि तो म्हणत होता, काळजी करू नका. होरेस हो हो म्हणाला. बेरिल हो हो म्हणाली. मग तिघांनी मेव्हिसकडे बघितलं, कारण आता तिची पाळी होती.

मेव्हिसनं आपला पेला उचलला, उरलेली बिटर कुंडीतल्या मातीत ओतली आणि पेला पालथा घालून मेजावर ठेवला.

"ही तुझ्या मयतासाठी आहे, क्लेम," ती म्हणाली. "नाताळची नाही आणि जॉयसच्या लग्नाचीही नाही. तुझ्या मयताची. आणि तुला पोचवायला आलेल्या माणसांना मी असलं कडू पाजणार नाही."